हॅनकॉकचा अर्धा तास

शब्दभ्रमकाराचा बाहुला आणि तोही रेडिओवर! श्रोत्यांना ना बाहुला दिसणार, ना कलावंताचे न हलणारे ओठ. तरीही बीबीसीचा 'एज्युकेटिंग आर्ची' हा कार्यक्रम पन्नासच्या दशकात तुफान गाजला. १९५१ मध्ये त्यात बाहुल्याच्या शिक्षकाची भूमिका करणारा टोनी हॅनकॉक त्यामुळेच ब्रिटनच्या घराघरांत पोहोचला.

बर्मिंगहॅममध्ये १९२४ साली जन्मलेल्या हॅनकॉकची उमेदवारी युद्धकाळात हवाईदलाच्या करमणूक पथकात आणि नंतर लंडनच्या विंडमिल थिएटरमध्ये झाली. मात्र त्याचे खरे युग सुरू झाले २ नोव्हेंबर १९५४ रोजी, 'हॅनकॉक्स हाफ अवर' या नभोमालिकेने. रेडिओवरचा विनोद तोवर गाणी, छोटी प्रहसने आणि ठरावीक पालुपदे यांवर पोसला जात होता. रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्पसन या तरुण लेखकद्वयाने तो साचा मोडला. अर्धा तास एकच कथा आणि हशा पिकायचा तो स्वभावातून. ईस्ट चीममधील एका पडक्या घरात राहणारा, स्वतःला विद्वान समजणारा आणि हटकून तोंडघशी पडणारा हा गृहस्थ श्रोत्यांना आपल्या शेजारचाच वाटला. १९५८ च्या एका भागात तर रविवारची पावसाळी दुपार आणि कंटाळा याखेरीज काहीच घडत नाही. उसासे आणि शांतता यांवर रेडिओचा कार्यक्रम पेलणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

१९५६ पासून मालिका दूरचित्रवाणीवरही आली आणि त्याचा तो लांबट, त्रासिक चेहरा लोकांना दिसला. पण यशाबरोबर अस्वस्थताही वाढत गेली. आपण जोडीतले अर्धे ठरू, या धास्तीने त्याने सहकलाकार सिड जेम्सला दूर केले. १९६१ च्या अखेरीस गॅल्टन-सिम्पसन यांच्याशीही फारकत घेतली. त्या दोघांनी पुढच्याच वर्षी 'स्टेपटो अँड सन' लिहून नवे शिखर गाठले. हॅनकॉकला मात्र तसे शब्द पुन्हा मिळाले नाहीत. मद्यपान वाढले. १९६८ च्या जूनमध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, सिडनीत त्याने जीवन संपवले.

त्याचा सर्वाधिक गाजलेला भाग १९६१ चा 'द ब्लड डोनर'. चित्रीकरणाच्या काही दिवस आधी मोटार अपघातात डोक्याला मार बसल्याने त्याला संवाद पाठ करता आले नव्हते. ते टेलिप्रॉम्प्टरवरून वाचावे लागले. बारकाईने पाहणाऱ्याला आजही कळते : हॅनकॉक बोलतो समोरच्या पात्राशी, नजर मात्र त्याच्या बाजूला खिळलेली असते.