श्वास ज्याचा त्याच्याकडेच ठेवून

आईच्या पोटात सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचा टाळू अजून जुळलेला नसतो. त्याच्या दोन पट्ट्या जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग खालचा जबडा वाढतो, जिभेला खाली सरकायला जागा होते, पट्ट्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात आणि मधोमध एकमेकींना मिळतात. जबडाच वाढला नाही, तर मात्र जीभ तिथंच अडून बसते आणि टाळूला इंग्रजी ‘यू’च्या आकाराची फट राहते. जन्मल्यावर बाळाची हनुवटी एवढीशी दिसते आणि मागं ढळलेली जीभ घसा बंद करते. एकाच गोष्टीतून पुढच्या साऱ्या गोष्टी ओळीनं घडत जातात. जीभ मागं पडून श्वास अडतो, हे फ्रेंच मुखरोगतज्ज्ञ पिएर रोबँ यांनी १९२३ साली मांडलं आणि पुढं त्यांचंच नाव या अवस्थेला मिळालं.

ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगला, असं म्हणत आपल्याकडे अजूनही आईला बोल लावला जातो. तो बोल अन्यायाचा आहे. तिनं काही चिरल्यामुळे हे घडत नाही.

टाळूची फट शिवायला रोबँच्या अशा बाळाला भूल द्यायची म्हणजे काय, ते पाहू. जागेपणी घशाचे स्नायू ताणून, धडपडून ते आपली वाट मोकळी ठेवत असतं. भुलेनं नेमके तेच स्नायू सैल पडतात. मोठ्या माणसाला आधी शुद्ध प्राणवायू दिला, तर श्वास थांबल्यावरही काही मिनिटं हाताशी राहतात. तान्ह्या बाळाचं तसं नाही. वजनाच्या हिशेबानं त्याचा प्राणवायूचा खप जवळजवळ दुप्पट असतो : मोठ्यांमध्ये दर किलोला मिनिटाला ३ ते ४ मिलिलिटर, बाळात ६ ते ८. फुप्फुसातला साठा मात्र इवलासा. शिवाय नळी अरुंद झाली की तिच्यातला अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतो. चार मिलिमीटरच्या श्वासनलिकेला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली, तर संथ प्रवाहातसुद्धा अडथळा सोळापट होतो. बोटाच्या नखाएवढ्या जाडीवर जीव तोललेला असतो, हे गणित मांडताना माझा हात थबकतो.

एवढ्याशा वाटेतून बाळाला भूल कशी द्यायची, याचं एक साधं उत्तर पाहायला आता इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जायला हवं. तिथले भूलतज्ज्ञ फिलिप आयर दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या बाळांना भूल देत. ते स्वतः असाच ओठ आणि टाळू घेऊन जन्मले होते. त्या काळची यंत्रं मोठ्यांच्या मापाची होती. त्यांतल्या झडपा ढकलत आणि स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा ओढत बाळं दमून जात. आयर यांनी झडपा काढूनच टाकल्या. १९३७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेलं उपकरण म्हणजे टी आकाराची एक लहानशी नळी. एक तोंड बाळाच्या श्वासनळीतल्या नळीला, एकातून ताजा वायू येणार, तिसरं उघडं. बाळानं श्वास सोडला की येणारा ताजा प्रवाहच तो बाहेर लोटतो. हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे अडकण्याजोगंही काही नाही! गरज पडली तर उघड्या तोंडावर क्षणभर अंगठा ठेवायचा, बाळाची छाती फुलते. १९५० मध्ये लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी त्या उघड्या टोकाला शेपटीकडून उघडी असलेली पिशवी जोडली आणि बाळाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या बोटांना जाणवू लागला. ही जोडणी आजही वापरात आहे.

रोबँच्या बाळाजवळचा भूलतज्ज्ञ आजही शक्यतो हेच सूत्र पाळतो : दुसरी वाट हाती येईपर्यंत बाळाचा स्वतःचा श्वास थांबवायचा नाही. म्हणून स्नायू लुळे करणारं औषध घाईनं टोचलं जात नाही. सेव्होफ्लुरेन या भुलेच्या औषधाचा वास देत हळूहळू गुंगी आणतात. बाळाला कुशीवर किंवा पालथं केलं की जीभ आपल्या वजनानं पुढं येते. नाकातून घशापर्यंत मऊ नळी सरकवली की तिच्यातून प्राणवायू जात राहतो. लंडनमध्ये आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये बनवलेला स्वरयंत्रावर बसणारा मास्क अशा वेळी मोठा आधार ठरतो. घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपच्या पात्यानं जे स्वरयंत्र दिसतच नाही, त्याच्या समोर तो आंधळेपणी सरकवूनही बहुधा नीट बसतो. मग त्याच्याच पोकळीतून बारीक दुर्बीण आत जाते आणि दुर्बिणीवरून नळी.

शस्त्रक्रिया झाली तरी धोका सरत नाही. टाळूची फट शिवली जाते, पण त्या फटीतूनही थोडी हवा जात होती. आता ती बंद, त्यात सूज. म्हणून बाळ पुरतं जागं होऊन हातपाय झाडायला लागल्याशिवाय नळी काढत नाहीत. काही ठिकाणी जिभेतून एक टाका घालून ठेवतात, जीभ मागं पडली तर ओढून धरायला.

रोबँच्या पुष्कळ बाळांचा जबडा पुढं वाढतो आणि वाट सोपी होते. गालाची हाडं आणि जबडा न वाढलेल्या ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोमच्या मुलांत उलट घडतं, वयाबरोबर नळी घालणं आणखी अवघड होत जातं. त्यामुळे अशा मुलाच्या आईवडिलांनी भूलतज्ज्ञाकडून कागद मागून घ्यावा : नळी कोणत्या मापाची लागली, कशानं घातली, कुठं अडलं. पुढं दात काढायचा असो की अपेंडिक्स, भूल द्यायच्या आधी तो कागद नव्या डॉक्टरांच्या हातात पडायला हवा.