कूर्चा जपा

आपला कान दुमडून पाहा. सोडला की सरळ होतो. त्यात हाड नाही, कूर्चा आहे. कूर्चा तीन तऱ्हेची असते. कानातली लवचिक. दुसरी गुळगुळीत, ती नाकात, श्वासनळीत व सांध्यांत असते. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर तिचा थर असतो, म्हणून हाडावर हाड घासत नाही. तिसरी चिवट, ती पाठीच्या मणक्यांमध्ये गादीसारखी असते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून मोडलेले हाड सांधते, पण झिजलेली कूर्चा सहसा भरून येत नाही. तेव्हा आम्ही सांगतो, ओझे कमरेत वाकून उचलू नका. गुडघे वाकवा, ओझे अंगाजवळ धरा, मग उठा. गुडघा सुजला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.