फोटो कोणाचा, साल कशाचं?

मालवणच्या कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचा एक जुना फोटो संग्रहात आला, तर ‘साल’ या रकान्यात काय लिहायचं? बांधकाम सुरू झालं १६६४ मध्ये. कॅमेरा तर १९ व्या शतकातला. व्हीआरए कोअर हे मेटाडेटाचं मानक इथे नेमकं उत्तर देतं: वास्तूची नोंद वेगळी, तिच्या चित्राची वेगळी, आणि दोन्हींना जोडणारा दुवा. मला ही साधी फोड फार मोलाची वाटते. कारण एक वास्तूही एका काळाची नसते. याच तटाच्या आतलं शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं.

नावाचा घोळ आणखी मोठा. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ म्हटलं. त्या नावाचा कागद ‘सिंधुदुर्ग’ शोधून सापडायचा नाही. उलट १९८१ पासून जिल्हाही सिंधुदुर्गच. शोधाल किल्ला, हाती येईल जिल्ह्याचं काहीबाही. म्हणून प्रत्येक वास्तूला एक कायमचा क्रमांक हवा आणि त्याखाली तिची सगळी नावं.

घरात किल्ल्याचे जुने फोटो असतील, तर मागे पेन्सिलीने एवढं लिहाच: कोणता बुरूज, कुठून टिपला, कधी.