सीमेपलीकडची आलिशान मोटार

निपाणीहून कोल्हापूर जेमतेम ४० किलोमीटर. लग्नाचा बस्ता, नामांकित डॉक्टर, सोनेनाणे यांसाठी आपली माणसे ज्या सहजतेने तिकडे जातात, त्याच सहजतेने जुन्या मर्सिडीज आणि ऑडी पाहावयासही जाऊ लागली आहेत. नवी असताना ६० लाखांची असलेली मोटार सात वर्षांनी २० लाखांत मिळते असे कळले, की तंबाखूचे पैसे नुकतेच हाती आलेल्या घरात दुसरा विषय निघत नाही. हौसेला आमची हरकत नाही. मात्र सौद्यातली किंमत आणि गाडी रीतसर आपल्या नावावर होऊन दारी उभी राहीपर्यंतची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सीमाभागात त्यांतील अंतर फार मोठे असते.

पहिले कारण कराचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथे नवी नोंदणी करावी लागते. कर्नाटकात २० लाखांवरील मोटारींना आजीव कर १८ टक्के, वर उपकर. आणि तो आकारतात तो आपण मोजलेल्या रकमेवर नव्हे, तर गाडीच्या मूळ किमतीवर, वयाची सवलत देऊन. ६० लाखांवर १८ टक्के म्हणजे १० लाख ८० हजार. सवलत वजा जाताही आकडा लाखांतच राहतो. म्हणून बोलणी करण्यापूर्वी बेळगावच्या किंवा चिकोडीच्या परिवहन कार्यालयात जाऊन हा आकडा काढून आणावा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो; तो विकणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, हे सौद्यातच ठरवावे. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे फिटल्याचे पत्र आणि तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हाती आल्यावाचून पूर्ण पैसे देऊ नयेत.

दुसरे कारण पाण्याचे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आलेल्या महापुराने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या पाण्यात कितीतरी मोटारीही उभ्या होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी संपूर्ण हानी झालेली धरतात. मग ती लिलावात विकली जाते, आणि धुऊनपुसून पुन्हा बाजारात येऊ शकते. वरून पाहता ती नव्यासारखी दिसते. पण आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. एरवी गुंडाळलेला राहणारा भाग सहसा कोणी धूत नाही, तेथे गाळाची रेघ सापडते. डिकीतले जादा चाक काढून खालचा खळगा पाहावा, आसनांच्या बोल्टांवरचा गंज पाहावा, गालिचा उचलून हात लावावा. आत अत्तराचा घमघमाट असेल तर अधिकच सावध व्हावे! साध्या मोटारीला पाणी लागले तर निभते. आलिशान मोटारीत आसनांखाली आणि पायांशी वायरींचे जाळे व नियंत्रक पेट्या असतात, आणि त्या वर्ष-दोन वर्षांनी एकेक करून दगा देतात.

यंत्राची परीक्षा सकाळी, इंजिन थंड असताना करावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन काही सांगत नाही. हवेवर तोललेली गाडी रात्रभर उभी राहून एका अंगाला बसली असेल, तर तो खर्च मोठा आहे. गिअर बदलताना झटका बसतो का ते चढावर पाहावे. मीटरवर ४० हजार किलोमीटर आणि पेडलांचे रबर मात्र गुळगुळीत, असे असेल तर मीटरवर विसंबू नये. उद्यमबागेतील कारखान्यांमुळे बेळगावात यंत्राची जाण असलेल्या माणसांना तोटा नाही; तथापि या गाड्यांची दुखणी कानाला कळण्याआधी संगणकात नोंदली जातात. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत दोन तास तपासणी करून घ्यावी आणि चासी क्रमांकावरून जुन्या सर्व्हिसचा इतिहास मागावा. विकणारा याला नकार देत असेल, तर चहा पिऊन परत यावे.

चालू विम्याचा कागदही बोलका असतो. दावा न केल्याबद्दलची सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाते. सात वर्षांच्या गाडीच्या कागदावर ती शून्य दिसली, तर मागील वर्षी कशाचा दावा झाला, हे विचारलेच पाहिजे.

आता किंमत. त्याच वर्षाच्या, त्याच बनावटीच्या चार गाड्यांचे भाव पाहावेत, आणि त्यातून कर, चार टायर, ब्रेक व तपासणीत निघालेली दुरुस्ती वजा करून उरेल तेवढेच बोलावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या आलिशान मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्क्यांवर आला. पूर्वी तो उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जात असे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरला पाहिजे, पण विकणाऱ्यास हे आपणहून आठवत नाही. सौदा झाल्यावर विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याची दावा न केल्याची सवलत त्याच्याकडेच राहते, तेव्हा हप्त्यातील तो फरकही हिशेबात धरावा.