हे कटर नक्की किती सीसीचं?

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी यंत्रांचा भाव दोन गोष्टींवर ठरतो: वस्तू चालू आहे का, आणि ती किती ‘मोठी’ आहे. चालू आहे की नाही हे दोरी ओढून कळतं. मोठेपण मात्र विकणाऱ्याच्या तोंडी असतं. पान्यांचे ढीग, जळकी ड्रिल मशीन आणि ग्राइंडर यांच्यात अधूनमधून लाकूड कापायचं पेट्रोल कटर पडलेलं दिसतं. त्याच्यापुढे उभं राहून ‘किती सीसी?’ विचारलं की उत्तर लगेच येतं आणि ते नेहमी वरच्या अंगाचं असतं.

पुण्यात अशा कटरला गिऱ्हाईक आहे. रस्तोरस्ती वर्षावृक्ष आणि गुलमोहर आहेत, जुन्या सोसायट्यांच्या अंगणात आंबे-फणस आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटायची कामं निघतात. त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष कायद्याने ते बंधन घातलं आहे. परवानगी सोसायटी काढते, काम छोटा कंत्राटदार घेतो, आणि नवं मोठं यंत्र परवडत नसेल तर तो जुन्या बाजाराची वाट धरतो.

असाच मुळशीकडचा एक तरुण नारिंगी रंगाचं जुनं कटर घेऊन नाना पेठेतल्या एका गॅरेजात आला होता, तेव्हा मी तिथे होतो. मिस्त्री साठी ओलांडलेले. उमेदीची वर्षं चेतक आणि लूना दुरुस्त करण्यात गेलेली. स्कूटरी रस्त्यावरून गेल्या, तसे टू-स्ट्रोकचे दुसरे पेशंट येऊ लागले: फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं आणि कटर.

“काका, बहात्तर सीसीचं आहे. पिस्टन किट टाकायचंय.”

“बहात्तर कोण म्हणालं?”

“विकणाऱ्याने सांगितलं. वर २७२ लिहिलंय की.”

“मग किटही त्याच्याकडूनच घे,” मिस्त्री म्हणाले आणि डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं यंत्रावर फिरवू लागले.

आधी पुसायचं, मग बघायचं, असा त्यांचा क्रम. तेल आणि भुसा यांचा थर निघाला की धातूवर ओतलेले आकडे दिसू लागतात. कव्हरवरच्या आकड्यावर ते भिस्त ठेवत नाहीत. कव्हर प्लास्टिकचं, तीन-चार स्क्रूंवर बसलेलं. फुटलं की ज्या भावाला मिळेल ते दुसरं बसतं. क्रँककेस सहसा कोणी बदलत नाही. त्यामुळे ओळख तिथून सुरू होते. काही कंपन्यांची पद्धत सोयीची आहे. स्टील (Stihl) या कंपनीच्या यंत्रात भागांवरच्या ओतीव क्रमांकाचे पहिले चार आकडे मालिका सांगतात: ११३० म्हणजे ०१७, ०१८ आणि पुढचे एमएस १७०, १८०, ११२३ म्हणजे एमएस २१०, २३०, २५०, ११२७ म्हणजे एमएस २९०, ३१०, ३९०.

पण मालिका कळली म्हणजे सीसी कळले नाहीत. ११२७ मालिकेत एकाच सांगाड्यावर ५६.५, ५९ आणि ६४.१ सीसीची इंजिनं येतात. मॉडेलच्या आकड्याचंही तेच. एमएस १८० हे ३१.८ सीसीचं, एमएस २५० हे ४५.४ चं, एमएस ३८१ हे ७२.२ चं, नावावरून काही ताळमेळ लागत नाही. हुस्कवर्नाच्या जुन्या यंत्रांत मात्र शेवटचे दोन आकडे सीसीच्या आसपास असतात: ६१ म्हणजे ६१.५, २७२ म्हणजे ७२.२, ३६५ म्हणजे ६५.१. एका कंपनीच्या सवयीने दुसऱ्या कंपनीचा आकडा वाचला की गडबड होते. अमेरिकेतल्या जुन्या मॅक्युलक किंवा होमलाइट यंत्रांचं माप तर घन इंचात असे. ३.३ घन इंच म्हणजे ५४ सीसी, कारण एक घन इंच म्हणजे १६.४ घन सेंटिमीटरच्या जवळपास.

टेबलावरचं यंत्र हुस्कवर्नाच्या ६१, २६८, २७२ या घराण्यातलं होतं. या तिघांचा सांगाडा जवळजवळ एकच. क्रँकचा फेर एकच, म्हणून स्ट्रोकही एकच: ३४ मिलिमीटर. फरक सिलिंडरच्या व्यासात, म्हणजे बोअरमध्ये. ६१ ला ४८ मिलिमीटर, २६८ ला ५०, २७२ ला ५२. मोठा सिलिंडर लहान भावाच्या सांगाड्यावर चढवता येतो, आणि लोक चढवतातही. त्यामुळे २७२ च्या कव्हराखाली ६१ असू शकतं आणि ६१ च्या कव्हराखाली २७२. कव्हर, दांडा, साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी म्हणजे बार, यांतलं काहीच साक्षीला उपयोगाचं नाही.

बार तर सगळ्यात मोठा थापाड्या. या कटरला चोवीस इंची बार होता आणि तरुणाचा निम्मा विश्वास त्या लांबीवर बसला होता. बार दोन नटांवर बसतो. खाचा जुळल्या आणि साखळीचा पिच चाकाशी जमला की लहान इंजिनालाही लांब बार लागतो. मग कोरड्या फांदीत ते पळतं आणि वर्षावृक्षाच्या ओल्या बुंध्यात गेलं की गुदमरतं. साखळीने इतकंच कळतं: सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळतो. बारीक पिच सहसा लहान यंत्राचा, जाडा मोठ्याचा. अंदाज बांधायला हे पुरे, पिस्टन मागवायला नाही.

शेजारच्या दुकानातला एकजण डोकावून म्हणाला, “सिरिंजने तेल भरा ना प्लगमधून. जेवढं मावेल तेवढे सीसी.” मिस्त्री हसले. चार-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह बंद ठेवून आणि ज्वलनकक्षाचं माप वजा करून हे जमवता येईल. टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीलाच भोकं असतात. पिस्टन खाली उतरला की एक्झॉस्टचा पोर्ट उघडतो आणि तेल सायलेन्सरच्या वाटेने टेबलावर येतं. पोर्ट बंद असेपर्यंतचं माप घेतलं तर आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी मिळतो, कारण कंपन्या सीसी सांगतात ते पिस्टनच्या पूर्ण प्रवासाचे.

मिस्त्रींनी प्लग काढला आणि भोकातून सायकलच्या चाकाची एक आरी आत सोडली. फ्लायव्हील हाताने हळू फिरवलं. आरी वर आली, थबकली, उतरू लागली. सर्वांत वरच्या जागी एक खूण, सर्वांत खालच्या जागी दुसरी. दोन खुणांमधलं अंतर व्हर्नियरवर पस्तिसाच्या किंचित पुढे भरलं.

“चौतीस पाहिजे ना?” तरुणाने विचारलं. त्याने एव्हाना मोबाइलवर माहिती काढली होती.

“भोक तिरकं आहे. तिरक्या वाटेने मोजलं की अंतर वाढणारच.”

अनेक कटरांत प्लग पिस्टनच्या सरळ माथ्यावर नसतो, कलता असतो. पंधरा अंशांचा कल असला तरी ३४ चे ३५.२ होतात. म्हणून आरीचं माप हे घराणं ओळखण्यापुरतं धरायचं. शिवाय स्ट्रोकपेक्षा बोअरची चूक महाग पडते. या इंजिनात स्ट्रोक एक मिलिमीटर चुकला तर हिशेबात १.८ सीसीचा फरक पडतो. बोअर ४८ ऐवजी ४९ वाचला तर २.६ सीसीचा, कारण व्यासाचा वर्ग होतो. आणि बोअर बाहेरून मोजता येत नाही. सिलिंडरवरच्या पात्या हवेने थंड होण्यासाठी असतात. त्यांच्या रुंदीचा आतल्या भोकाशी ठरलेला संबंध नाही.

आधी सायलेन्सर निघाला. त्याचे बोल्ट काढले की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची बाजू दिसते. बॅटरी मारली, तर पिस्टनवर उभे ओरखडे होते. ऑइल न घातलेलं पेट्रोल कोणीतरी वापरलं असणार. सिलिंडर उतरवायचाच होता. काही लहान यंत्रांत, एमएस १७० किंवा २५० सारख्यांत, सिलिंडर आणि खालचा झाकणासारखा भाग मिळूनच क्रँकची पेटी होते, म्हणून अख्खं इंजिन प्लास्टिकच्या अंगातून बाहेर काढावं लागतं. या घराण्यात ते सोपं: चार एलन बोल्ट, लाकडी ठोकळ्याने हलके ठोके, आणि सिलिंडर वर.

आता वाद उरत नाही. पिस्टन उघडा पडल्यावर त्याचा वर-खालचा प्रवास सरळ मोजला: ३४. व्हर्नियरच्या आतल्या दातांनी सिलिंडरची खालची कड मोजली. तिथे रिंगा पोचत नाहीत, म्हणून झीज नसते. एकदा मोजून आडवं फिरवून पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा ४८. पिस्टनचा व्यास खालच्या बाजूला ४८ ला जरासा कमी भरला, आणि तो तसाच असायला हवा. गरम होऊन फुगायला जागा लागते. मग माथ्यावरचा काजळीचा थर खरवडला. खाली बाण दिसला. तो एक्झॉस्टकडे तोंड करून बसवायचा असतो.

पिस्टनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मिस्त्रींनी हिशेब मांडला. ४८ गुणिले ४८ म्हणजे २३०४. त्याला ०.७८५४ ने गुणलं, १८०९.६. त्याला ३४ ने, ६१,५२६ घन मिलिमीटर. हजाराने भागलं, साडेएकसष्ट सीसी. बाजारात सांगितलेल्या आकड्यापेक्षा साडेदहा कमी.

“घासलेलं असेल का? बोअर करून बावन्न होईल?” तरुणाने शेवटचा प्रयत्न केला.

हा प्रश्न स्कूटरच्या पुण्याचा होता. चेतकचा सिलिंडर बिडाचा, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५७ मिलिमीटर, म्हणजे १४५.४५ सीसी, लोक तिला दीडशेची म्हणत. झिजली की लेथवर पाव किंवा अर्धा मिलिमीटर बोअर वाढवायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. अर्धा मिलिमीटर वाढला की तीच स्कूटर १४८ सीसीची होई. या गल्ल्यांतल्या लेथवाल्यांचा कित्येक वर्षं त्यावर संसार चालला. कटरचा सिलिंडर मात्र ॲल्युमिनियमचा, आत कठीण धातूचा पातळ मुलामा. लेथची धार लागली की मुलामा गेला आणि उरलेलं मऊ ॲल्युमिनियम रिंगांपुढे टिकत नाही. म्हणून इथे बोअर करत नाहीत, सिलिंडर-पिस्टनचं किटच बदलतात. याचा ओळखण्याच्या कामी फायदा होतो: माप कारखान्यातून आलं तेच राहतं. या घराण्यात ४८, ५० किंवा ५२ च येणार. साडेएकोणपन्नास आले तर व्हर्नियर पुन्हा लावायचं.

उलट बाजूही मिस्त्रींनी सांगितली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटली. नुसते सीसी सांगून किट मागवलं तरी फसायला होतं. ५२ बाय ३४ म्हणजे ७२.२ सीसी हे हुस्कवर्ना २७२ चं माप, आणि स्टीलच्या एमएस ३८१ चंही तेच. आकडा दशांशापर्यंत सारखा, पण एकाचा सिलिंडर दुसऱ्याला लागत नाही. अंगावरच्या ओतीव क्रमांकाने घराणं ठरतं, बोअरने त्या घराण्यातलं भावंड. दुकानदाराला दोन्ही सांगावं लागतं. मिश्रणासाठी मात्र सीसी लागत नाहीत. इंजिन लहान असो वा मोठं, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेतली शिफारस आणि ऑइलचा दर्जा यांवर ठरतं.

तरुणापुढे दोन वाटा होत्या. बावन्नचं किट टाकून कव्हरवरचा आकडा खरा करायचा, किंवा अठ्ठेचाळीसचं टाकून यंत्र आहे तसं नीट चालवायचं. बावन्नचं किट घेतलं तर कार्ब्युरेटर पुन्हा लावून घ्यावा लागेल आणि जुन्या बेअरिंगवर जोर वाढेल, असं मिस्त्रींचं मत पडलं. कामं कसली आहेत, असं त्यांनी विचारलं. बहुतेक फांद्या, एखादा पडलेला गुलमोहर. त्याला साडेएकसष्ट भरपूर झाले, फक्त चोवीस इंची बार काढून अठरा इंची लावायचा.

“आणि पुढच्या वेळी?” त्याने विचारलं.

“पुढच्या वेळी फडकं, प्लगपाना आणि बॅटरी घेऊन जा. अंग पुसून नंबर वाच. सायलेन्सर काढू दिला तर पिस्टन बघ. नाही काढू दिला तर सगळ्यात लहान भावंडाचा भाव दे. मोठं निघालं तर तुझं नशीब.”

तरुणाने अठ्ठेचाळीसचं किट सांगितलं.