पाय मुरगळला म्हणजे नेमके काय होते?

पाऊस सुरू झाला की दवाखान्यात एक तक्रार हमखास वाढते. "डॉक्टर, पाय मुरगळला." कोणी स्थानकाच्या ओल्या जिन्यावरून घसरलेले असते, कोणी विरार लोकलमधून गर्दीच्या रेट्याबरोबर वेडेवाकडे उतरलेले असते, तर वाडीत काम करताना शेवाळलेल्या बांधावरून कोणा बाईचा पाय सटकलेला असतो. बहुतेकांनी येण्यापूर्वी दोन गोष्टी केलेल्या असतात. गरम तेलाने पाय चोळून घेतलेला असतो आणि हाड मोडलेले नाही अशी स्वतःच खात्री करून घेतलेली असते. पहिली गोष्ट चुकीची असते. दुसरी कधी कधी चुकीची ठरते.

पाय मुरगळतो तेव्हा नेमके काय बिघडते, हे कळण्यासाठी शरीरातील संयोजी ऊतींची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

सांधणाऱ्या ऊती

आपले शरीर मुख्यतः चार प्रकारच्या ऊतींचे बनलेले आहे. आच्छादन करणाऱ्या अभिस्तर ऊती, हालचाल करणाऱ्या स्नायू ऊती, संदेश नेणाऱ्या चेता ऊती आणि या सर्वांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या, आधार देणाऱ्या संयोजी ऊती. त्वचेच्या वरच्या थरात पेशी एकमेकींना चिकटून असतात. संयोजी ऊतींत मात्र पेशी विरळ असतात आणि त्यांच्यामधील जागा आधारद्रव्याने भरलेली असते. हे आधारद्रव्य पातळ असेल तर ते रक्त, लवचीक पण घट्ट असेल तर कूर्चा आणि त्यात कॅल्शियमचे क्षार साठून कठीण झाले तर हाड. रक्त आणि हाड एकाच घराण्यातले आहेत, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

या घराण्याचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजन नावाचे प्रथिन. आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा कोलॅजनचाच असतो. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर होडी बांधण्याचा दोर पाहा. एकेक पदर नाजूक, पण तीन पदर एकत्र पिळले की तो होडी धरून ठेवतो. कोलॅजनचा रेणूही असाच तीन पदरी पिळाचा असतो. ही रचना 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या आपल्याच शास्त्रज्ञांनी मांडली. अभ्यासासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील कोलॅजन वापरले होते.

एका घोट्यात सारे घराणे

आता मुरगळलेल्या घोट्याकडे वळू. हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला अस्थिबंध म्हणतात. डॉक्टर त्यालाच लिगामेंट म्हणतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन अस्थिबंध असतात. पाऊल आतल्या बाजूला वळले की ते ताणले जातात. त्यातही पुढचा अस्थिबंध सर्वांत आधी दुखावतो. काही धागे तुटतात, क्वचित पूर्ण अस्थिबंधच तुटतो.

स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे स्नायूरज्जू. टाचेमागे बोटांत धरता येते ती जाड 'शीर' हे त्याचेच उदाहरण. आपण तिला शीर म्हणतो, पण तिच्यातून रक्त वाहत नाही.

सूज कोठून येते? त्वचेखाली विरल संयोजी ऊती असतात, सैल विणलेल्या जाळ्यासारख्या. फाटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाझरणारा द्रव या जाळ्यात साठतो, म्हणून घोटा फुगतो. दोन दिवसांनी दिसणारा काळानिळा डाग म्हणजे त्याच जाळ्यात पसरलेले रक्त. टाचेखालची चरबी हीसुद्धा संयोजी ऊतीच. चालताना बसणारा धक्का ती झेलते. आणि हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते, त्यामुळे सांधा घासत नाही.

भरून येण्याची गती मात्र प्रत्येकाची वेगळी. हाडात रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे मोडलेले हाड बहुधा काही आठवड्यांत सांधते. अस्थिबंधाला रक्त कमी मिळते. दुखणे थांबले तरी त्याचे धागे पुरते बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. कूर्चेत तर रक्तवाहिन्या नसतातच. सांध्याच्या हालचालीबरोबर आतल्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून झिजलेली कूर्चा सहसा पूर्ववत होत नाही. जीवदानीच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढताना दम लागतो, पण गुडघ्याच्या कूर्चेवर अधिक भार उतरताना पडतो. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना घाई करू नये.

काय करावे, काय टाळावे

पाय मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस चोळणे, गरम शेक आणि मद्यपान टाळावे. यांनी रक्तस्राव व सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. इलॅस्टिक पट्टी बांधावी, पण बोटे गार किंवा निळी पडतील इतकी घट्ट नव्हे. झोपताना पायाखाली उशी घ्यावी.

महिनाभर पाय हलवायचाच नाही, हेही चूक. वेदना उतरू लागली की पाऊल हलकेच वरखाली करावे. नवे धागे ताणाच्या दिशेने नीट रचले जायला ही हालचाल लागते. पुढे भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. अर्धवट बरा झालेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो आणि कायमचा ढिला राहू शकतो.

पुढील लक्षणांपैकी एक जरी असले तरी विलंब न करता डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा : चार पावलेही टाकता येत नाहीत, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर किंवा पावलाच्या मधल्या हाडांवर दाबल्यास तीव्र दुखते, पाय वाकडा दिसतो, बोटे बधिर होतात. मधुमेही रुग्णांना वेदना कमी जाणवू शकते, म्हणून त्यांनी अधिक सावध राहावे.

आहार

कोलॅजनचे धागे घट्ट होण्यास क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने पूर्वी लांबच्या सफरीवरील खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि जुन्या जखमाही उकलत. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश डॉक्टरने अशा आजारी खलाशांना संत्री व लिंबे देऊन ते बरे होतात हे दाखवले. आपल्याकडे आवळा, पेरू, लिंबू सहज मिळतात. प्रथिनांसाठी डाळी, अंडी, मासळी. कॅल्शियमसाठी दूध, नाचणी आणि काट्यासकट खाल्ली जाणारी लहान मासळी. बाजारातील महागड्या पावडरींवर पैसे घालण्याआधी ताटाकडे पाहावे. तंबाखू मात्र सोडावी. ती रक्तपुरवठा घटवून जखम भरणे लांबवते.

होडीचा दोर विरला तर नवा आणता येतो. घोट्यातला दोर जन्मभर तोच वापरायचा आहे. तेव्हा पुढच्या वेळी पाय मुरगळला तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि आधी बर्फ शोधा.