अंथरुणाचे नव्हे, वजनाचे पैसे

आल्प्समधल्या हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरात, नव्याने उतरणाऱ्याला तिथली शिस्त जाचते. बूट दाराशी काढून तिथल्या चपला घालायच्या, ओळीने टाकलेल्या गाद्यांवर अनोळखी माणसांच्या शेजारी झोपायचं, पांघरूण तिथलं असलं तरी आत झोपायची पातळ पिशवी आपली आणायची. संध्याकाळी ठरल्या वेळी, शिजलं असेल ते सगळ्यांनी एकदम जेवायचं. दहाला दिवे बंद. अंघोळीचं नाव बऱ्याच ठिकाणी काढायचं नाही, पिण्याचं पाणीही अनेकदा विकत, आणि आपला कचरा आपणच खाली न्यायचा. बराकीत झोपवून हॉटेलचा दर लावतात, ही कुरकुर म्हणूनच ऐकू येते. मला ती पटत नाही. इथे पैसे अंथरुणाचे नसतात, वर चढवलेल्या वजनाचे असतात, आणि जवळजवळ प्रत्येक नियमाचं मूळ पाण्यात किंवा वजनात सापडतं. मों ब्लांच्या नेहमीच्या वाटेवरची गूतेची हट ३,८३५ मीटरवर आहे. २०१३ साली उघडलेल्या या इमारतीत पाणी मिळतं ते बर्फ वितळवून. तिथे शॉवर मागणं म्हणजे कुणीतरी इंधन जाळावं असं म्हणणं. एकच जेवण एकाच वेळी का, तेही यातच आलं: चूल एकदा पेटते, भांडी एकदा घासली जातात, उरलेलं अन्न फेकायला जागा नसते.

पण हेलिकॉप्टरने बिअरची पिंपं आणायची आणि पाहुण्याला पाण्याची काटकसर शिकवायची, हा दुटप्पीपणा नाही का? थोडा आहे, ते मान्य करावंच लागेल. मात्र उन्हाळ्याच्या चार महिन्यांत वर्षभराचा खर्च काढायचा, तर त्या बिअरचे पैसे डागडुजीलाच लागतात. आणि डागडुजी वाढतेच आहे. आलेच हिमनदीवरची कॉन्कॉर्डिया हट १८७७ साली बांधली तेव्हा बर्फापासून फार उंचावर नव्हती. आता हिमनदी इतकी खचली आहे की, कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या साडेचारशेहून अधिक पायऱ्या चढून दारात पोचावं लागतं. तो जिना बर्फ खाली जाईल तसा खालून वाढवत न्यावा लागला आहे.

आगाऊ नोंदणीबद्दलची तक्रार मात्र मला जास्त वजनदार वाटते. वादळात सापडलेल्याला आसरा देणारं घर महिनोन्‌महिने आधी भरून जावं, हे खटकतंच. तरीही दोष हटचा कमी, चार ठिकाणी जागा अडवून न कळवता न येणाऱ्यांचा अधिक. त्यांच्या वाटची डाळ-भाजी आधीच वर गेलेली असते. अशांकडून पूर्ण भाडं वसूल करायला हरकत नसावी.